पुढची मॅच कधी?

गणपतीत बिडकीनला घरी गेलो होतो. भाचा आठवीत आहे. एरवी मामा आला की आधी लॅपटॉपवर झडप घालणारं पोरगं ओट्यावर तोंड पाडून बसलेलं. ताईला विचारलं तर म्हणाली, "अरे, शाळेची तालुक्याला मॅच होती. पहिल्याच बॉलला आऊट झाला. टीम पण हरली. दोन दिवस झाले, नीट जेवत नाहीये."

मी मामा लोकांनी द्यायचा असतो तो डोस दिला. "होतं रे असं. सचिनसुद्धा शून्यावर आऊट व्हायचा. पुढच्या मॅचला मार. कधी आहे पुढची मॅच?"

तो म्हणाला, "पुढच्या वर्षी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याला परत येताना बसमध्ये हेच डोक्यात फिरत होतं. पहिल्या बॉलला आऊट होणं ही काही ट्रॅजेडी नाही. त्यानंतर वर्षभर बॅटच हातात न येणं, ही आहे.

काही वर्षांपूर्वी ऑनसाइट टोरांटोला होतो. तिथल्या एका सहकाऱ्याचा मुलगा ज्युनिअर आइस हॉकी खेळायचा. बाहेर उणे पंधरा आणि हा बाप रोज पहाटे पोराला रिंकवर सोडून ऑफिसला यायचा. त्याच्याकडून कळलं की तिथे सोळा ते वीस वयाच्या पोरांसाठी ओंटारियो हॉकी लीग आहे. वीस टीम, आणि सप्टेंबर ते मार्च प्रत्येक टीमच्या अडुसष्ट मॅचेस! प्लेऑफ वेगळे. लांबून आलेली पोरं टीमच्या गावात दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहतात, तिथलीच शाळा करतात. मी म्हटलं, अडुसष्ट? एखादी वाईट गेली तर? तो हसला. म्हणाला, परवा दुसरी असते ना!

तेव्हा मला वाटलं, हे सगळं श्रीमंत देशांचं कौतुक. आपल्याकडे कुठलं आलंय? पण आपल्याकडेही होतं. सगळीकडे नाही, पण मुंबईत होतं, आणि शंभराहून जास्त वर्षं होतं. म्हणून आज त्यातल्या एका सीझनची गोष्ट सांगतो. गोष्टीतली एक मॅच तुम्हाला पाठ असेल. मला त्या मॅचच्या आजूबाजूचं सांगायचंय.

सीझन १९८७-८८ चा. स्पर्धा हॅरिस शील्ड. लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबई प्रांताचा गव्हर्नर होता, त्याच्या नावाने १८९६ पासून चालत आलेली शाळांची स्पर्धा. हॅरिस सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी, तर तिची धाकटी बहीण जाइल्स शील्ड चौदाखालच्यांसाठी. शाळांच्या मॅचेस असल्या तरी एका दुपारी उरकायच्या नाहीत. पांढरे कपडे, लेदर बॉल, अंपायर, स्कोअरर, वरच्या फेरीत दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या मॅचेस.

शारदाश्रम विद्यामंदिर, दादर. कोच रमाकांत आचरेकर सर. टीममध्ये चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी. त्या सीझनला हॅरिस शील्डमध्ये सचिनच्या पाच इनिंग्ज अशा होत्या: २१ नाबाद, १२५, २०७ नाबाद, ३२६ नाबाद, ३४६ नाबाद. बेरीज १०२५, आणि आऊट फक्त एकदा. म्हणजे ॲव्हरेजसुद्धा १०२५! (आमच्या टीममध्ये कुणी असा डेटा दिला असता तर मी सरळ बग म्हणून परत पाठवला असता.)

यातली ३२६ ची इनिंग म्हणजे ती प्रसिद्ध सेमीफायनल. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, समोर सेंट झेवियर्स. शारदाश्रम २ बाद ८४ असताना कांबळी आत गेला आणि नंतर कुणी आऊटच झालं नाही. कांबळी ३४९ नाबाद, भागीदारी ६६४ ची, डाव २ बाद ७४८ वर घोषित. मग झेवियर्स १४५ मध्ये खलास, त्यातही कांबळीच्या सहा विकेट. जगात कुठल्याही दर्जाच्या क्रिकेटमध्ये एवढी मोठी भागीदारी तोवर झालेली नव्हती. तो विक्रम पुढे नोव्हेंबर २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी पोरांनीच मोडला, नाबाद ७२१ करून.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत असतं. आता त्या मैदानावरच्या दुसऱ्या दोन पोरांकडे बघू.

पहिला, अमोल मुझुमदार. वय तेरा. नंतरचा नंबर त्याचा, म्हणून पॅड बांधून बसलेला. ८४ ला बसला तो ७४८ पर्यंत बसूनच राहिला. आमच्या आयटीत 'बेंचवर असणं' म्हणजे काय हे ज्यांनी भोगलंय, त्यांना त्या पोराची अवस्था वेगळी सांगायला नको. फरक एवढाच की आम्हाला बेंचवर निदान पगार मिळतो.

दुसरा, झेवियर्सचा लेगस्पिनर साईराज बहुतुले. वय पंधरा. त्या डावात त्याने १८२ रन दिल्या आणि विकेट शून्य. पंधराव्या वर्षी १८२ रन खाल्ल्यावर घरी जाताना काय वाटलं असेल, विचार करा. वर हॅरिस शील्ड नॉकआऊट. हरलात की त्या वर्षापुरते बाहेर. म्हणजे माझ्या भाच्यासारखंच की!

पण नाही. इथेच सगळी मेख आहे.

हॅरिस शील्ड नॉकआऊट होती, मुंबईचं क्रिकेट नॉकआऊट नव्हतं. शाळेत हरलात तर क्लब होता. पावसाळ्यात कांगा लीग होती, १९४८ पासूनची. त्यात शाळकरी पोरं ओल्या, बेभरवशाच्या विकेटवर ऑफिसात नोकरी करणाऱ्या थोराड बोलर्ससमोर उभी राहायची. उन्हाळ्यात शिवाजी पार्कला कॅम्प, आणि कॅम्पमधून मॅचेस. सचिनने आत्मचरित्रात लिहिलंय की एका उन्हाळ्याच्या सुट्टीत साठ दिवसांत तो पंचावन्न सराव मॅचेस खेळला. साठ दिवसांत पंचावन्न! कॅनडावाल्यांनी सुद्धा टोपी काढावी असा आकडा.

आणि भाच्याला मी जी थाप मारली असं मला वाटत होतं, ती थाप नव्हतीच. क्लबकडून पहिल्याच मॅचला सचिन पहिल्या बॉलवर शून्यावर आऊट झाला होता. दुसऱ्या मॅचलाही शून्य. तिसरीत एक रन. आता कल्पना करा, त्या पहिल्या शून्यानंतर त्याला सांगितलं असतं, "बाळा, पुढची मॅच पुढच्या वर्षी." तीन मॅचेस व्हायला तीन वर्षं गेली असती, आणि तीन वर्षांत एक रन करणाऱ्या पोराला कुणी विचारलं असतं?

हे घरच्यांनाही कळलं होतं. त्याची बांद्र्याची शाळा क्रिकेटसाठी नव्हती, म्हणून आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो दादरला शारदाश्रममध्ये आला. मग जाण्यायेण्यात जीव जायला लागला तसा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. ओंटारियोची पोरं दुसऱ्याच्या घरी राहतात याचं मला केवढं नवल वाटलं होतं! आपल्याकडे त्याला 'काकूकडे ठेवलाय' म्हणतात, एवढंच.

अजून एक गोष्ट होती, वही. म्हणजे स्कोअरबुक. तीस किंवा जास्त रन केल्या तर पेपरात नाव छापून यायचं. एकदा सचिनने चोवीस केल्या होत्या आणि स्कोअररने अवांतरच्या सहा रन त्याच्या नावावर घालून तीस केल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव! आचरेकर सरांनी पेपर बघितला आणि जे झापलं ते त्याने जन्मभर लक्षात ठेवलं. मला यात जास्त महत्त्वाचं हे वाटतं की बारा-तेरा वर्षांच्या पोरांची मॅच कुणीतरी लिहून ठेवत होतं, आणि कुणीतरी वाचतही होतं. रेकॉर्ड असलं की एक वाईट दिवस हा फक्त एक वाईट दिवस राहतो, कारण त्याच्या आगेमागे दुसरे दिवस लिहिलेले असतात.

मग पुढे काय झालं? बहुतुले बोलिंग टाकत राहिला. फर्स्ट क्लासमध्ये त्याच्या ६३० विकेट झाल्या आणि २००१ मध्ये तो भारताकडून टेस्ट खेळला. १८२ रन आणि शून्य विकेटवाला पोरगा!

मुझुमदारने १९९४ मध्ये रणजीच्या पहिल्याच मॅचला २६० केल्या. पुढे फर्स्ट क्लासमध्ये ११,१६७ रन आणि तीस शतकं. भारताची टोपी मात्र कधीच मिळाली नाही. पण २०२३ मध्ये तो भारताच्या महिला टीमचा कोच झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्या टीमने वर्ल्ड कप जिंकला. पॅड बांधून बसलेल्या पोराची ही अशी इनिंग.

कांबळीचं उलटं. सतरा टेस्ट, ॲव्हरेज चोपन्नच्या वर, १९९३ मध्ये लागोपाठ दोन डबल सेंचुऱ्या. आणि १९९५ मध्ये तेविसाव्या वर्षी शेवटची टेस्ट. कारणांवर लोक आजही भांडतात, मी त्यात पडत नाही. सीझन सगळ्यांना सारखं फळ देतो असं मला म्हणायचंच नाहीये. तो फक्त पुढची मॅच देतो, बाकीचं ज्याचं त्याने बघायचं. पण पुढची मॅचच नसेल तर बघण्यासारखं काही उरतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुंबई ती मुंबई. तिची बरोबरी बिडकीनला कशी व्हायची? मान्य. पण आमच्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. बीडचा सचिन धस. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर दक्षिण आफ्रिका. २४५ चं टार्गेट आणि भारत ४ बाद ३२. तिथून या पोराने कॅप्टन उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी केली, स्वतः ९६ मारल्या आणि मॅच काढली. सराव कुठे झाला होता? बीडच्या अर्ध्या टर्फवर. पूर्ण टर्फवर मॅचेस खेळायला वडील त्याला पुण्याला घेऊन जायचे. म्हणजे आपल्या गावात सीझन नव्हता, तर बापाने तो दुसऱ्या गावाहून आणला. प्रत्येक बापाला हे जमणार नाही. ज्यांना जमलं नाही त्यांच्या पोरांची नावं आपल्याला कधी कळणारही नाहीत.

माझंच बघा. आमच्या लहानपणी मॅच म्हणजे जत्रेच्या आगेमागे टेनिस बॉलची टूर्नामेंट. हरलं की संपलं, वही नाही की पेपर नाही. आमच्यात एक डावखुरा बोलर होता, काय बॉल आत आणायचा! तो चांगला होता हे आज गावातल्या सात-आठ जणांना आठवतं, बस. त्याचा एकही आकडा कुठे लिहिलेला नाही.

आता बिडकीनला ऑरिकचे चार-चार पदरी रस्ते झालेत, मोठमोठ्या कंपन्या येताहेत. चांगलंच आहे. पण लीग चालवायला चार पदरी रस्ता लागत नाही. सहा शाळा, एक मॅट, दोन अंपायर, एक वही आणि रविवार लागतात. सहा टीम एकमेकींशी एकेकदा खेळल्या की पंधरा मॅचेस, प्रत्येक पोराला पाच. पहिलीत शून्य केलं तरी चार शिल्लक.

मागच्या शनिवारी बसून एक्सेलमध्ये शेड्युल बनवलं. दहावी-बारावीची परीक्षा, ज्वारीची काढणी आणि लग्नाच्या तिथी सोडून तारखा बसवल्या (क्लायंटच्या रिलीजपेक्षा अवघड निघालं). गावातल्या मित्राला पाठवलंय. मॅटचा खर्च आम्ही चौघं मिळून करू म्हणतोय. अंपायरचं अजून जमलेलं नाही. एका सरांना विचारलंय, ते 'बघू' म्हणालेत.

ताईचा फोन आला होता. भाच्याने शेड्युलची प्रिंट काढून कपाटाला चिकटवलीये म्हणे. त्याच्या शाळेची पहिली मॅच कधी आणि दुसरी कधी, दोन्ही तारखांना लाल गोल केलाय.

आता अंपायर शोधणं आलं.