‘परम’ची चिप गेली, पुढे काय?
जुनं टूल अनोळखी सिस्टिमवर चालवताना रात्र जागवली, की सावनेरच्या माझ्या खोलीत मला ‘परम ८०००’ आठवतो. सगळे त्याच्या वेगाबद्दल बोलतात. मला त्याच्या सॉफ्टवेअरची गोष्ट मोठी वाटते.

१९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. प्रमुख होते नागपूरला इंजिनीअरिंग शिकलेले विजय भटकर. १९९१चा परम इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप्स जोडून उभा राहिला. या चिपमध्ये एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्यापासून राखणारी सोयच नव्हती. नेहमीचं युनिक्स तिच्यावर जसंच्या तसं बसणं अवघड. शिवाय प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र. त्यामुळे जुने फोरट्रान प्रोग्रॅम तुकड्यांत वाटायचे आणि तुकड्यांनी एकमेकांना निरोप धाडायचे. दोघं एकमेकांच्या निरोपाची वाट बघत बसले, की सगळंच ठप्प! एरर मेसेजसुद्धा नाही. अशा यंत्रावर प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून सी-डॅकने ‘पारस’ ही प्रणाली बनवली.

पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला. १९९८च्या परम १००००मध्ये सन कंपनीचे प्रोसेसर आले. चिप बदलली, पण काम वाटून निरोपांनी जोडायची रीत राहिली. आजचे महासंगणकही त्याच रीतीने चालतात. परदेशी चिप विकत घेता आली. ही समज मात्र पुण्यात बसून, अडखळतच कमवावी लागली.