पुढे कचेरी, मागे भाजीबाजार

बडोद्याला प्रथमच गेलेला माणूस खंडेराव मार्केटची इमारत पाहून तिला राजवाडाच समजतो. पाहावे तर पुढे महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजीबाजार! सयाजीराव महाराजांनी आपल्या कारकिर्दीच्या पंचवीस वर्षांनिमित्त १९०६ साली हे मार्केट बांधून नगरपालिकेला दिले. नाव दिले दत्तक पिता खंडेरावांचे.

सहाच वर्षांपूर्वी, १८९९-१९०० साली, गुजरातने ‘छप्पनियो’ दुष्काळ सोसला होता. मंडई बांधून दुष्काळ टळत नाही, हे खरे. पण भाजी नाशवंत. उन्हात ती सुकली की शेतकऱ्याचे कष्टही मातीमोल होतात. छप्पर, पाणी आणि हक्काची जागा मिळाली, तर जवळच्या मळ्यातला माल ताजा खपतो, नासाडी घटते.

जगातले सुमारे एक तृतीयांश अन्न वाया जाते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली मांडला. त्यावर मोठमोठ्या परिषदा भरतात. आपल्या सीमाभागातले कितीतरी आठवडी बाजार मात्र अजून उन्हातच भरतात. मंडई कचेरीच्या पाठीशीच असावी. भाजी कुजली तर वास आधी कारभाऱ्यांना यावा!