व्हालसाल्व्हा-कोटराचा विस्फार (प्रौढावस्थेतील शस्त्रक्रिया)

महारोहिणी हृदयातून जेथे उगम पावते, तेथे झडपेच्या तीन पाळ्यांमागे तीन फुगीर कोटरे असतात. आंतोनिओ मारिया व्हालसाल्व्हा (१६६६–१७२३) या इटालियन शारीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जातात. यांपैकी एखाद्याच्या, बहुधा उजव्याच्या, भित्तीचा मधला थर झडपेच्या कड्याशी जन्मतः सांधला गेलेला नसला, तर ती दुबळी जागा रक्तदाबाने वर्षानुवर्षे फुगत जाऊन तिची हातमोज्याच्या बोटासारखी पिशवी बनते, आणि ती अखेरीस बहुधा उजव्या निलयात किंवा अलिंदात फुटते. दोष विरळा, परंतु पाश्चात्यांपेक्षा आशियाई लोकांत, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत, अधिक आढळणारा. जन्माचा असूनही त्याची वर्दी लागते ती बहुधा ऐन तारुण्यात.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात, जेथे नोकरदार माणूस रोज पुलाचे जिने चढून भरगच्च गाडी गाठतो, तेथे या विकाराचे लक्षण असलेली धापही प्रवासाचाच हिस्सा समजली जाते. छिद्र लहान असून विकार चोरपावलांनी आला, तर महिनोन्‌महिने त्याची कोणी दखल घेत नाही. महारोहिणीतील दाब उजव्या निलयातील दाबापेक्षा सदैव अधिक असल्याने रक्ताची गळती क्षणभरही थांबत नाही, म्हणून छातीवर अखंड घरघर ऐकू येते. उघड्या राहिलेल्या रोहिणी-नलिकेतही अशीच घरघर असते, पण ती डाव्या हासळीखाली, तर ही उरोस्थीच्या कडेला खाली. पेठेतल्या साध्या डॉक्टरचा सावध कान येथे मोठ्या यंत्राइतका मोलाचा ठरतो. पुढचा निर्णय इकोच्या तपासणीने होतो.

या विकाराचे वर्णन ब्रिटिश वैद्य जेम्स होप यांनी १८३९ मध्ये केले. हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने दुरुस्ती मात्र अमेरिकेतील मिनेसोटात शल्यविशारद लिलेहाय यांच्या हातून १९५६ मध्ये झाली. ठाणे जिल्ह्यातील अनेक रुग्णांची वाट आजही परळच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे वळते, जेथे प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली इलाज व्हावयाचा, तर शिधापत्रिकेसारखी कागदपत्रे दाखल करून पूर्वमंजुरी घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेत खरी मेख हृदय थांबविण्यात आहे. थांबविणारे द्रावण नेहमीप्रमाणे महारोहिणीच्या मुळाशी सोडले, तर ते फुटक्या कोटरातूनच निसटून जाते. म्हणून महारोहिणी उघडून ते हृद्‌रोहिण्यांच्या मुखांत थेट द्यावे लागते. मग पिशवी छाटून छिद्रावर डेक्रॉनचे किंवा परिहृदाचे ठिगळ शिवतात. सोबत निलयांमधील पडद्याला भोक असल्यास तेही बुजवितात, आणि झडप गळत असल्यास ती सावरतात किंवा बदलतात. सोयीच्या जागी असलेले छिद्र अलीकडे मांडीतील रक्तवाहिनीच्या वाटेने नळी घालून, छाती न उघडताही बंद करता येते.

छाती उघडून शस्त्रक्रिया केली असल्यास चिरलेली उरोस्थी सांधण्यास दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या काळात जड ओझे उचलणे, तसेच गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून लोकलच्या दांडीला लोंबकळत जाणे वर्ज्य असते.