पळसपानापासून बहुवारिकापर्यंत

औरंगाबादेहून पैठणास जाणाऱ्या हमरस्त्यावरील चितेगाव आज कारखानदारीमुळे ओळखले जात असले, तरी हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचा. नाथषष्ठीस पैठणास लोटणाऱ्या भाविकांच्या पंगती पळसाच्या पत्रावळींवर बसत, आणि चोयांनी टाचलेली ती पाने उष्ट्यासह उकिरड्यावर पडून कालांतराने खत होऊन शेतात परतत. याच जिल्ह्यात दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात, महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी हलविली तेव्हापासून चालत आल्याचे मानले जाणारे कागदकाम, सुती चिंध्यांच्या लगद्यावर उभे होते. दफ्तरी लागणारा तो कागदही अखेर मातीचाच होता.

हा क्रम मोडला तो पॉलिथिनने. १९३३ साली इंग्लंडात, भलत्याच प्रयोगाच्या ओघात हाती आलेल्या या पदार्थाने ओलावा अडविला, अन्न टिकविले, आणि त्याच चिवटपणाने नाल्यांचे व शेतांचे श्वास कोंडले. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. परंतु फर्मानाने वस्तू हटली, तरी तिची गरज हटत नाही.

ती गरज भागविण्याचा मार्ग विज्ञान पुन्हा निसर्गातच शोधीत आहे. १९२६ साली पॅरिसमध्ये मॉरिस लेमोइन्य यांनी जीवाणूंच्या पेशींत साठणारे जैवविघटनशील बहुवारिक (पॉलिमर) ओळखले होते. मक्याच्या वा उसाच्या शर्करेपासून पॉलिलॅक्टिक आम्लही बनते. मात्र या पदार्थांची पटले पुष्कळदा ठिसूळ ठरतात व वायूंस पुरते अडवीत नाहीत. म्हणून त्यांत सेल्युलोजचे वा स्टार्चचे अतिसूक्ष्म कण मिसळतात. हे कण सम विखुरले, की प्राणवायूस सरळ वाट न मिळता वळणे घेत जावे लागते, आणि आतील अन्न अधिक काळ टिकते. कागजीपुऱ्यातील चिंध्यांचा जो मूळ घटक, तोच सेल्युलोज येथे नव्या रूपाने कामास लागतो. पुण्यानजीक जेजुरीस २०२४ मध्ये अशा जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्रही सुरू झाले आहे.

तथापि पॉलिलॅक्टिक आम्ल उकिरड्यावर पळसपानासारखे सहज कुजत नाही. त्यास सुमारे साठ अंश उष्णतेचे नियंत्रित खतघर लागते. म्हणून नव्या वेष्टनाची पारख त्याच्या नावावरून न करता, ते प्रत्यक्ष मातीत मिसळते की नाही, यावरूनच केली पाहिजे. आणि जेथे असे वेष्टन विकावयाचे, तेथे खतघर उभारणे हे ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी आपले कर्तव्य मानावे.