जुन्या मांजराच्या घरात नवे पिल्लू

पावसाच्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिजून ओरडणारे पिल्लू मुले उचलून घरी आणतात. घरात आधीच दहा-बारा वर्षांची मांजरी असते. ‘तिलाही सोबत होईल’ असे म्हणत पिल्लू थेट तिच्यासमोर ठेवले जाते. मांजरी फिस्कारते, शेपटी फुगवते आणि पलंगाखाली जाऊन बसते. दोन दिवस ती जेवणाला तोंड लावत नाही, तिसऱ्या दिवशी गादीवर लघवी करते आणि इतकी वर्षे शहाणी म्हणून ओळखली गेलेली मांजरी एकाएकी ‘मत्सरी’ ठरते. अनेक घरांत याच क्रमाने घडणारा हा प्रसंग बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी पिल्लाच्या आधी जुन्या मांजराचे जग समजून घ्यावे लागते.

गंधाने आखलेले घर

पाळीव मांजराचा पूर्वज पश्चिम आशियातील रानमांजर आहे, हे २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले. हे रानमांजर एकट्याने शिकार करते. उंदीर किंवा पाखरू ही एकालाच पुरणारी शिकार असल्याने आपला प्रदेश राखणे ही त्याची गरज ठरली. माणसाच्या सहवासात आल्यावर मांजर समूहात राहायला शिकले. मासळी बाजारात एकत्र वावरणारी मांजरे सर्वांनी पाहिलेली असतात. परंतु असे समूह प्रामुख्याने नात्यातील माद्या आणि त्यांची पिल्ले यांचे असतात. परके मांजर तेथेही सहजी स्वीकारले जात नाही.

हा प्रदेश मांजर गंधाने आखते. गाल, हनुवटी आणि पंजे यांतील ग्रंथींचा स्राव ते दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला आणि माणसाच्या पायाला घासून लावते. माणसाला न जाणवणारा हा वास ‘येथे सर्व ठीक आहे’ अशी ग्वाही मांजराला देत असतो. नवे पिल्लू घरात आले की त्या ओळखीच्या वासात परका वास मिसळतो. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे म्हणतात. वय झालेल्या मांजराला मात्र आपल्या एका घराचा वास बदललेलाही सोसत नाही. म्हणूनच परिचयाचा क्रम आधी गंध, मग दर्शन आणि शेवटी सहवास असा असावा.

वयाचा विचार

पशुवैद्यक दहा वर्षांवरील मांजराला ज्येष्ठ मानतात. बारा वर्षांचे मांजर म्हणजे साधारण ६४ वर्षांचा माणूस. या वयात सांधे दुखू लागतात, पण मांजर लंगडत वा कण्हत नाही. ते फक्त उंच उड्या मारणे सोडून देते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांपैकी ९० मध्ये सांध्यांची झीज आढळली होती. अशा मांजराच्या अंगावर उडी घेणारे, शेपटीला लोंबकळणारे पिल्लू त्याला शब्दशः वेदना देत असते. त्याने मारलेला पंजा पुष्कळदा मत्सरापेक्षा दुखण्यातून आलेला असतो.

त्यामुळे पिल्लू आणण्याआधी जुन्या मांजराची तपासणी करून घ्यावी. वजन, दात, सांधे, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्तदाब यांची माहिती हाती असली, तर पुढे दिसणारी लक्षणे ताणाची की आजाराची हे ठरवणे सोपे जाते. मांजर गंभीर आजारी असेल किंवा आयुष्यभर इतर मांजरांना तीव्र विरोध करत आले असेल, तर पिल्लासाठी दुसरे चांगले घर शोधणे हाच दोघांच्या हिताचा निर्णय होय. जोडीदार मांजर नुकतेच गेले असेल, तरी ‘एकटे पडले’ म्हणून लगेच पिल्लू आणू नये. गेलेल्या मांजराची उणीव परके पिल्लू भरून काढत नाही. काही घरांत एकाऐवजी एकाच वेताची दोन पिल्ले आणणे सोयीचे ठरते. ती आपसांत मस्ती करतात आणि म्हाताऱ्या मांजराला त्यांचे खेळणे व्हावे लागत नाही.

पहिले पंधरा दिवस

नव्या पिल्लाला पहिले दोन आठवडे पूर्णतः वेगळे ठेवावे. याचे पहिले कारण वैद्यकीय आहे. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाबरोबर पिसवा, जंत, कानातील माइट्स आणि माणसालाही होऊ शकणारा नायटा घरात येतो. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य रोग तर पिल्लांच्या जिवावर बेततो आणि त्याचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर महिनोन्महिने टिकू शकतो. पिल्लाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा दिली जाते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. जुन्या मांजराचे लसीकरणही चालू आहे ना, हे याच वेळी पाहावे. मांजरांमधील ल्युकेमियाच्या विषाणूसाठी पिल्लाची रक्ततपासणी झाल्याशिवाय दोघांची भांडी एक करू नयेत.

वन बीएचके फ्लॅटमध्ये स्वतंत्र खोली कोठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. बेडरूम देता येत नसेल, तर कोरडे ठेवलेले स्नानगृह किंवा मजबूत जाळी लावलेली बाल्कनी वापरता येते. तेही शक्य नसेल, तर मोठा पिंजरा घेऊन त्यावर चादर टाकावी. मात्र जुन्या मांजराची नेहमीची जागा पिल्लाला देऊ नये. ते ज्या खिडकीत ऊन खाते, ज्या कपाटावर झोपते, ती जागा त्याचीच राहायला हवी.

आधी वास, मग भेट

वेगळेपणाच्या या काळात गंधाची देवाणघेवाण सुरू करावी. स्वच्छ रुमाल पिल्लाच्या गालांवरून फिरवून जुन्या मांजराच्या खोलीत जमिनीवर ठेवावा आणि जुन्या मांजराचा रुमाल पिल्लाकडे. रुमाल नाकाशी नेऊन हुंगायला लावू नये. मांजर स्वतः येऊन वास घेईल, प्रथम फिस्कारेल, नंतर दुर्लक्ष करील. हे दुर्लक्ष ही पहिली पायरी होय. नायट्याची शंका असेल, तर हा टप्पा पशुवैद्यकाच्या संमतीनंतरच सुरू करावा.

त्यानंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या जेवणाच्या थाळ्या ठेवाव्यात. सुरुवातीला दारापासून दूर, मग रोज थोड्या जवळ. परक्या वासाबरोबर जेवण येते, ही जोडणी अशीच तयार होते. जुने मांजर जेवण सोडून मागे सरकले, तर थाळी पुन्हा आदल्या दिवशीच्या जागी न्यावी.

दोघेही दाराशी निवांत जेवू लागले की दार बोटभर उघडून किंवा मध्ये जाळी लावून दर्शन घडवावे. प्रत्यक्ष भेट त्यानंतर, तीही पाच-दहा मिनिटांची. भेटीआधी पिल्लाला खेळवून दमवावे आणि जुन्या मांजराला पळायला वाट मोकळी ठेवावी. कोणालाही उचलून दुसऱ्याच्या तोंडासमोर धरू नये. फिस्कारणे, गुरगुरणे, नखे आत ठेवून मारलेली चापटी हे मर्यादा सांगण्याचे मार्ग आहेत. त्यासाठी मांजराला ओरडू नये. कान मागे पाडून टक लावून बघणे, दबा धरणे, पाठलाग करणे असे दिसल्यास मध्ये पुठ्ठा किंवा उशी धरून दोघांना वेगळे करावे. हात मध्ये घालू नये. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

या साऱ्याला काही आठवडे लागतात, कधी काही महिनेही. पहिल्याच दिवशी झालेली झटापट मात्र मांजर दीर्घकाळ विसरत नाही. घाईने वाचवलेले चार दिवस अशा वेळी फार महागात पडतात.

वाटणीचे गणित

दोन मांजरांमधील बरेचसे तंटे जागेचे असतात. शौचाच्या ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकाने अधिक असावी, म्हणजे दोघांसाठी तीन. ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत. एका ओळीत ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. वयस्क मांजराच्या ट्रेचा काठ बुटका असावा. जेवण आणि पाणीही वेगवेगळ्या जागी हवे. पिल्लाचे खाद्य अधिक उष्मांकाचे असते. ते मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मांजराच्या पोटात रोज जाता कामा नये. पिल्लाला पोहोचता येणार नाही अशी विश्रांतीची जागा जुन्या मांजराला द्यावी आणि सांधे दुखत असतील, तर तेथे चढण्यासाठी पायरीवजा स्टूल ठेवावे. पिल्लाची नसबंदी पाच महिन्यांच्या आत करून घेतली, तर वयात येताना होणाऱ्या मारामाऱ्या कमी होतात.

धोक्याच्या खुणा

जुने मांजर रुसले आहे, असे समजून वाट पाहत राहणे घातक ठरू शकते. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. म्हणून चोवीस तास काहीच न खाल्लेल्या ज्येष्ठ मांजराला पशुवैद्यकाकडे न्यावे. बोका ट्रेमध्ये वारंवार बसत असेल, कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असते. अशा वेळी एक रात्रही थांबू नये. सतत लपून राहणे, अंग चाटणे बंद होणे किंवा एकच जागा चाटून केस गळणे याही दखल घेण्याजोग्या खुणा आहेत.

दोघांची गाढ मैत्री होईलच, असे नाही. एकाच खोलीत दोन टोकांना निवांत झोपलेली दोन मांजरे हेही पूर्ण यश होय. घरातल्या माणसांनी रोजचे जेवण आधी जुन्या मांजराला द्यावे, त्याच्यासाठी पिल्लाविना दहा-पंधरा मिनिटे राखून ठेवावीत आणि मांडीवरची त्याची जागा मोडू नये. पिल्लू लहान असते, ते कोठेही रुळते. ज्याने दहा-बारा वर्षे त्या घरात काढली, त्याला उतारवयात आपले घर परके वाटू नये, ही जबाबदारी पिल्लू आणणाऱ्यांची आहे.