धोट्याचे छिद्र आणि अस्पृश्य कामगार

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास दोन तऱ्हांनी लिहिला गेला आहे. एका तऱ्हेत गिरणीमालकांचे साहस, दूरदृष्टी आणि उद्योगशीलता यांचे वर्णन असते. दुसऱ्या तऱ्हेत कामगारांचे संप आणि त्यांच्या पुढाऱ्यांचा त्याग असतो. या दोन्ही इतिहासांत दीड वीत लांबीच्या एका लाकडी धोट्याला सहसा ओळीदोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. आमच्या दृष्टीने मात्र गिरणीचा इतिहास या धोट्यापासूनच सुरू होतो. त्याच्या एका टोकाशी असलेल्या बारीक छिद्राने हजारो माणसांची मजुरी ठरवली आणि मालक व पुढारी या दोघांचीही परीक्षा घेतली.

ते छिद्र कशासाठी होते हे आधी सांगितले पाहिजे. मागावर उभे ताण्याचे धागे असतात. त्यांच्यामधून आडवा बाणा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते. मग विणकराने माग थांबवायचा, नवी कांडी बसवायची आणि तिच्या सुताचे टोक त्या छिद्रातून बाहेर काढायचे. हे टोक बाहेर काढण्याची लँकेशायरमधून आलेली रीत अशी की, छिद्राला ओठ लावायचे आणि जोराने श्वास ओढायचा. सूत तोंडात येते, त्याबरोबर कापसाचा तूस, धूळ आणि तेलही येते. दोन माग सांभाळणारा विणकर दिवसातून शेकडो वेळा धोट्याला तोंड लावत असे. एकाच्या तोंडचा धोटा पाळी बदलली की, अगर बदली कामगार आला की, दुसऱ्याच्या तोंडी जाई.

येथेच अस्पृश्यता आडवी आली. महाराने, चांभाराने किंवा मांगाने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून विणकाम खाते, म्हणजे गिरणीच्या बोलीतले साळखाते, अस्पृश्यांना बंद राहिले. त्यांना रिंग खात्यात जागा होती, झाडलोटीत होती, ओझी वाहण्यात होती. विणकाम खात्यात मात्र नव्हती. आणि विणकर हा गिरणीतला अधिक मजुरी मिळवणारा कामगार होता. म्हणजे विटाळाचा हिशेब अखेर पगाराच्या दिवशी रुपये-आण्यांत होत होता. विटाळ ही निव्वळ धार्मिक कल्पना आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडून पाहावा.

खरे कारण उष्ट्याचेच होते काय? मुंबईच्या विणकाम खात्यात कोकण-घाटावरचे मराठे-कुणबी होते, तेलंगणातून आलेले पद्मशाली होते, आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन-जुलाहे मोठ्या संख्येने होते. हिंदू आणि मुसलमान विणकर एकाच खात्यात, त्याच रीतीने काम करीत होते. ज्या काळात स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळत होते, त्या काळात ते हे करीत होते. याचा अर्थ पोटासाठी विटाळाच्या नियमाला मुरड घालता येत होती. ती फक्त आमच्या बाबतीत घालता येत नव्हती. विणकराची जागा मोलाची होती. ती आपल्या भावाला, मेहुण्याला, गावच्या पोराला मिळावी असे प्रत्येकाला वाटे, आणि जॉबरच्या हातून ती मिळेही. उमेदवारांची एक अख्खी जमात स्पर्धेतून बाद करायला धर्माइतके स्वस्त साधन दुसरे कोणते होते?

दुसरी गोष्ट तर अधिकच विचित्र आहे. विदर्भ-नागपूर भागातला महार हा पिढ्यान्पिढ्या विणकर होता. जाडेभरडे कापड विणणे हा त्याचा एक प्रमुख धंदा होता, हे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथातही नोंदले आहे. तेथे त्याच्या हातचे कापड गावाने अंगाला लावले. त्याच जातीचा माणूस मुंबईत आला तेव्हा माग विटाळू लागला!

आता या धोट्याची जगातली हकीगत पाहू. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा बनवणे ही काही अलौकिक विद्या नव्हती. छिद्राच्या जागी खाच ठेवली अगर एक लहानसा आकडा वापरला तरी काम भागत होते. हाताने ओवण्याचे असे धोटे एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील होपडेल गावी ड्रेपर कंपनीने १८९४ च्या सुमारास जेम्स नॉर्थ्रॉप याचा स्वयंचलित माग बाजारात आणला. त्यात रिकामी कांडी आपोआप बाहेर पडे, नवी आत बसे आणि सूतही आपोआप ओवले जाई. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने ओढण्याच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. क्षयाचा रोग एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो ही भीती त्यामागे होती. तेथील लोक या रीतीला ‘मृत्यूचे चुंबन’ म्हणत. इंग्लंडात मात्र लँकेशायरचे मालक आपल्या जुन्या मागांना चिकटून बसले. विणकरांनाही हाताने ओवण्यात वेळ जातो आणि कापडाच्या मापावर मिळणारी मजुरी बुडते असे वाटे. शेवटी १९५२ साली खास कापूस-धोट्यांसाठी नियम करून ती रीत बंद करावी लागली. बंदी येईपर्यंत चाळीस वर्षांचे अंतर पडले.

तिकडे थुंकीत जंतू दिसले, इकडे थुंकीत जात दिसली. वास्तविक परळ-लालबागच्या चाळींत क्षय काही कमी नव्हता. आपले आरोग्य सांभाळण्यासाठी तरी सवर्ण विणकराने हाताने ओवण्याचा धोटा मागायला हवा होता. तो मागितला असता तर विटाळाची सबब त्याच दिवशी मेली असती. म्हणजे अस्पृश्याला दूर ठेवणाऱ्या रीतीनेच सवर्ण कामगाराच्या छातीतही तूस भरत होता.

मुंबईचे मालक नव्या यंत्रांना घाबरणारे होते, असे कोणी म्हणेल तर ते इतिहासाला धरून होणार नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली, हेच मुळी धाडस होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि लँकेशायर अजून जुन्या म्यूलवर विसंबून असताना तिने रिंग चात्यांचा प्रयोग करून पाहिला. १९१५ मध्ये खोपोलीची वीज आली, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांनी ती घेतली. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर रिंगच्या शोधाने आमचाही फायदा झाला. म्यूलला मुरलेला कारागीर लागे. रिंगला थोड्या शिक्षणाचा, कमी मजुरीचा माणूस चाले. म्हणून तेथे स्त्रिया आल्या आणि अस्पृश्य आले. आमच्या आज्या-पणज्यांना गावकीच्या बाहेर रोख पैसा दिसला तो या रिंगमुळे. त्याची नोंद कृतज्ञतेने नव्हे, पण हिशेबाने केलीच पाहिजे. मालकाने दार उघडले ते माणुसकीने नव्हे, मजुरी कमी पडते म्हणून.

हीच कसोटी १९२० नंतरच्या काळाला लावून पाहा. जपानी कापड स्वस्त येऊ लागले. साकिची तोयोदाचा स्वयंचलित माग १९२४ मध्ये तयार झाला आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क विलायतेतल्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. शिकवणारा देश आता शिकणारा झाला. मुंबईच्या मालकांनी या स्पर्धेला काय उत्तर दिले? १९२७ च्या टॅरिफ बोर्डानंतर त्यांनी ‘रॅशनलायझेशन’ हा शब्द उचलला, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ केला तो असा: दोन मागांच्या जागी विणकराने तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने दुप्पट बाजू सांभाळाव्यात. यंत्र बहुतांशी जुनेच, फक्त माणसावरचा भार नवा. चार पैशांचा धोटा बदलण्याची सुधारणा या योजनेत कोणाच्या डोक्यात आली नाही. जी सुधारणा मजुरी वाचवते तिला ते शास्त्र म्हणत. जी माणसाला माणूस म्हणून आत घेते तिला धर्मात ढवळाढवळ म्हणत.

याच प्रश्नावरून एप्रिल १९२८ मध्ये मुंबईचा सार्वत्रिक संप पेटला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. गिरणी कामगार युनियन याच संपात जन्माला आली. ना. म. जोशी, डांगे, निंबकर, मिरजकर, आळवे, कासले अशी मंडळी संप समितीत होती. मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या गेल्या. त्या सतरा मागण्यांची सुरुवातीची यादी करताना विणकाम खात्याचे बंद दार कोणालाही आठवले नाही. ज्या खात्याच्या तीन मागांवरून एवढे रण माजले, त्याच खात्यात शेजारच्या चाळीतल्या कामगाराला पाऊल टाकता येत नाही, ही गोष्ट वर्गलढ्याच्या भाषेत बसत नव्हती.

ती बसवली बाबासाहेबांनी. धनंजय कीरांनी आपल्या चरित्रात हा प्रसंग दिला आहे. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे हे मागण्यांत घाला, नाहीतर मी माझ्या माणसांना संपात न राहण्याचा सल्ला देईन, असे त्यांनी समितीच्या पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी नाखुशीने ते मान्य केले. आणि मागणी मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

या उत्तरापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण ते अर्धे खरे आहे. भरती जॉबर करीत होता, विरोध सवर्ण विणकर करीत होते, आणि मालक म्हणत होता की मला काय, कोणीही कापड विणून द्यावे. पण इमारत त्याची, माग त्याचा, धोटाही त्याचाच होता. पहाटेचा भोंगा किती वाजता व्हायचा हे तो ठरवत होता, एका कामगाराने किती माग चालवायचे हे तो ठरवत होता. कामगारांच्या पाण्याचे माठ वेगळे ठेवण्याची व्यवस्थाही त्याच्याच आवारात होती. एवढ्या सगळ्यावर सत्ता चालवणारा माणूस नेमका धोट्यापाशी येऊन हतबल कसा होतो? आणि पुढाऱ्यांचेही तेच. सवर्ण विणकर हा संपाचा कणा होता. त्याला दुखवले तर एकजूट फुटेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण ज्या एकजुटीत एकाची भाकरी दुसऱ्याने अडवायची आणि तिसऱ्याने त्यावर गप्प बसायचे, ती एकजूट होती कोणाची?

पुढच्या वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला आणि त्याबद्दल त्यांच्यावर फितुरीचा आरोप झाला. सहा महिन्यांच्या संपात ज्याच्या घरातली भांडी गेली आणि विणकाम खाते ज्याला बंदच राहिले, त्या कामगाराकडे पाहून तो आरोप तपासला पाहिजे. बाबासाहेब कामगार लढ्याच्या विरोधात असते तर १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला नसता, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात डांग्यांच्या बरोबर ते उभे राहिले नसते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मण्यशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि ब्राह्मण्य म्हणजे एक जात नव्हे, ते ब्राह्मणेतरांतही आहे, हे स्पष्ट केले. तेथे त्यांनी विणकाम खात्याचा दाखला दिला आणि रेल्वेचाही. अस्पृश्याला पोर्टर का करीत नाहीत? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात म्हणून. तेथे धोटा नव्हता, थुंकी नव्हती. सबब वेगळी होती, दार मात्र तसेच बंद होते.

मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, मुंबईच्या गिरण्यांना मजूर मिळण्यात जातीमुळे फारशी अडचण आली नाही. गिरणीच्या बाजूने पाहिले तर ते बरोबर असेल. भोंगा झाला की माणसे येतच होती. पण अडचण गिरणीला झाली का, हा एक प्रश्न आहे आणि कामगाराला झाली का, हा दुसरा. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे असे लिहिले, ते या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून १९४० च्या सुमारास मुंबईला आले आणि आयुष्यभर एका गिरणीच्या रिंग खात्यात राहिले. साळखात्याच्या दारापुढून ते रोज जात. वडील १९७० नंतर त्याच गिरणीत बदली म्हणून लागले, ते साळखात्यात. तोवर संविधान आले होते, युनियनचा वशिला नको तितका आणि जातीचा थोडा कमी झाला होता, आणि मागही बदलले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वडिलांचे साळखाते जे सुटले ते कायमचे. मी घरातला पहिला पदवीधर, वर्गात मुलांना औद्योगिक क्रांती शिकवतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या धावत्या धोट्यापाशी आलो की दरवेळी अडखळतो.

वडील एक आठवण सांगत. साळखात्यातली पहिली पाळी करून ते घरी आले तेव्हा आजोबा जागेच होते. त्यांनी पगार विचारला नाही, साहेब कसा आहे हे विचारले नाही. विचारले ते एवढेच, “धोट्याला तोंड लावावं लागतं का रं?” वडील म्हणाले, “नाही, आता हातानंच ओवत्यात.” त्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे आता चालतंय व्हय त्यांना,” आणि कुशीवर वळून झोपले.