एल्फिन्स्टन साहेब आणि आपला मुलूख

मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे, पण या साहेबाचा आपल्या निपाणी-चिकोडीशी काय संबंध, हे आपल्या घरांतून सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आज थोडं लिहितो.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. आपण सगळ्यांनाच इंग्रज म्हणतो, पण हा स्कॉटलंडच्या उमराव घराण्यातला. जन्म 1779 चा. थोरल्याला पदवी मिळते, धाकट्यांनी नोकरी शोधायची, अशी तिकडची रीत. हा चौथा मुलगा, सोळाव्या वर्षीच कंपनीच्या नोकरीत आला. असईच्या लढाईत तो वेलस्लीबरोबर होता, नंतर नागपूरला रेसिडेंट, मग अफगाणच्या शहाकडे वकील म्हणून पेशावरला, आणि 1811 पासून पुण्यात दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारी.

आपल्या भागाचा हिशेब इथून सुरू होतो. बाजीरावांना पटवर्धन वगैरे दक्षिणेतल्या सरदारांच्या जहागिरी गिळायच्या होत्या. 1812 मध्ये पंढरपूरला एल्फिन्स्टनने तोड काढली. सरदारांनी रीतीप्रमाणे चाकरी करायची, सनदेशिवाय बळकावलेलं सोडायचं, बाकीच्याला कंपनीची हमी. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासले, त्यामुळे सांगतो, जामीनदार म्हणून सही करणाराच पुढे मालक होतो, तो प्रकार हाच! धनी पेशवे, पण सरदारांची नजर रेसिडेंटकडे लागली.

त्याच वर्षी कोल्हापूरकरांनी मालवण इंग्रजांना दिलं आणि चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला. ते दोन्ही तालुके होते निपाणकर अप्पा देसायांकडे, म्हणजे सिदोजीराव नाईक निंबाळकरांकडे.

5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली. संगमावरची रेसिडेन्सी जळाली, त्यात साहेबाची पुस्तकंही गेली. (खरा वाचणारा माणूस होता, पुढे हिंदुस्थानचा इतिहासही लिहिला.) पण त्याने पुण्याच्या पेठा जाळल्या नाहीत. 11 फेब्रुवारी 1818 ला साताऱ्याहून जाहीरनामा काढला, की बाजीरावांची चाकरी दोन महिन्यांत सोडा, इनामं-वतनं, देवस्थानं चालू राहतील, मक्तेदारी बंद. माझ्या मते बेळगावच्या किल्ल्यावर मन्रोने एप्रिलपर्यंत डागलेल्या तोफांपेक्षा या कागदानेच जास्त मुलूख घेतला. दोन महिन्यांत घर सांभाळायचं की धनी, हा प्रश्न इथल्या प्रत्येक वाड्यात पडला असणार. त्यांना आज बसल्या जागी फितूर म्हणणं सोपं आहे.

निपाणकरांची जहागीर राहिली, पण बाजू बदलायला उशीर केला म्हणून चिकोडी-मनोळी त्यांच्याकडून काढून कोल्हापूरला बक्षीस दिले. पुढे कंपनीने ते परत घेतलेच, तो भाग वेगळा.

एल्फिन्स्टन 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर होता. नंतर गव्हर्नर-जनरलपद दोनदा नाकारलं. लग्न केलं नाही. विलायतेत पुस्तकांत रमला.

इकडे त्याचा जाहीरनामा जुना झाला. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन सगळ्यांचे मूळ कागद मागू लागलं. आमच्या घरच्या मोडी रुमालात त्या काळच्या दोन नकला आहेत, अस्सल मात्र नाही. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना दत्तक नाकारला. मे 1858 मध्ये त्यांच्या माणसांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं आणि जूनमध्ये बाबासाहेबांना आपल्या बेळगावातच फाशी झाली. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता लॉर्ड एल्फिन्स्टन, म्हणजे याच साहेबाचा पुतण्या. मुंबईच्या ज्या स्टेशनाला 2018 मध्ये प्रभादेवी नाव दिलं, ते या पुतण्याच्या नावाचं होतं. काका तेव्हा सरेच्या खेड्यात हयात होता. 1859 च्या नोव्हेंबरात वारला.